पालथी पाटी

खिळा पुन्हा वाकला. स्टुलावर चढलेल्या गुरुजींनी तो पकडीने उपटला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि खाली उभ्या असलेल्या तिच्या ओंजळीत टाकला.

“ही भिंत ऐकणारी नाही,” ते म्हणाले. “तिला पडदा नकोय.”

“भिंतीला कोणी विचारलंय?”

“तेच तर. ना भिंतीला विचारलं, ना मला.”

तिने दुसरा खिळा वर दिला.

शाळा म्हणजे ही एकच लांब खोली होती. कधीकाळी इथे कागदाचं गोदाम होतं. हवा दमट झाली की अजूनही कोपऱ्यांतून पुठ्ठ्यांचा वास यायचा. वर पत्रा, खिडक्या हाताला न लागणाऱ्या उंचीवर, आणि खाली सतरंज्यांवर पहिली ते चौथीची मुलं, सगळी एकत्र. इयत्तांप्रमाणे त्यांना कोणी कधी बसवलंच नव्हतं. शिकवायला तिघं होते : मोठ्या बाई, गुरुजी आणि छोट्या बाई. छोट्या बाई म्हणजे ती, मोठ्या बाईंची लेक. थंडी सुरू होता होता मोठ्या बाई गेल्या. मुलं तिला अजूनही छोट्या बाईच म्हणत होती.

उद्या सकाळी आमदारांची समिती येणार होती. राज्याच्या नव्या शिक्षण विधेयकातलं नववं कलम असं होतं, की जिथे प्रत्येक इयत्तेला वेगळी खोली आणि वेगळा शिक्षक नाही ती शाळा बंद करायची, मुलं जवळच्या मोठ्या शाळेत पाठवायची आणि शिक्षकांना अतिरिक्त ठरवायचं. सभागृहात मतदान होण्याआधी समिती अशा काही शाळा पाहत फिरत होती. इथून जवळची मोठी शाळा हमरस्त्याच्या पलीकडे होती. रेल्वेफाटकाजवळची एक लहान शाळा मागेच अशी मिटली होती. तिथली बरीचशी मुलं आता कुठे असतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन आपापल्या दारात.

पडद्यांची कल्पना शिक्षण खात्याच्या साहेबांची. माणूस वाईट नव्हता. शाळा वाचावी असं त्यालाही वाटत होतं, फक्त ती खरं दाखवून वाचेल यावर त्याचा विश्वास नव्हता.

“उद्यापुरत्या चार खोल्या दिसू देत,” तो म्हणाला होता. “दोन शिक्षक मी मोठ्या शाळेतून उसने देतो. मुलांना इयत्तेप्रमाणे बसवा. आणि बाई, ते तुमचं पाटीचं प्रकरण उद्या नको.”

पाटीचं प्रकरण साधं होतं. ज्याला काही अडलं त्याने आपली पाटी पालथी ठेवायची. बोलायचं नाही, हात वर करायचा नाही, लाजायचं नाही. ज्याला ते येत असेल त्याने उठून त्याच्याजवळ जाऊन बसायचं, मग तो कोणत्या का इयत्तेतला असेना. आणि समोरच्याला समजलं की मगच समजावणाऱ्यालाही ते आलं असं धरायचं. मोठ्या बाईंची शिस्त काय ती एवढीच.

“जग पालथ्या घड्यावर पाणी ओततं आणि वर घड्यालाच शिव्या देतं,” गुरुजी नव्या पालकांना सांगायचे. “आमच्या बाईंनी आधी घड्यालाच सांगून ठेवलंय, बाबा रे, पालथा असशील तर तसं दाखव.”

आत्ता मात्र ते दोरीला गाठ मारत पुटपुटत होते.

“शिक्षक उसने! वाटीभर साखर मागावी तसे. परत करताना थोडे शिगोशीग भरून द्यायचे असतात का गं?”

“गुरुजी, खिळा.”

“आणि मी अतिरिक्त. जेवणात मीठ जास्त झालं तरी लोक तोंड वाकडं करतात. इथे अख्खा माणूस जास्त झाला, आणि कोणाला त्याचं काही नाही.” त्यांनी हातोडी मारली. या वेळी खिळा निम्मा आत गेला. “तुझी आई असती ना, तर...”

“आई नाहीये, गुरुजी.”

ते थांबले. हातोडी उगाच या हातातून त्या हातात घेतली. मग त्यांनी मोकळा हात खाली केला, आणि तिने त्यावर पुढचा खिळा ठेवला.

घरी वडील मशीनवर बसले होते. शिंपीकामाचं मशीन पुढच्याच खोलीत होतं आणि आई गेल्यापासून त्यावर आईची चादर पांघरलेली होती. गिऱ्हाइकं दोनदा येऊन परत गेली होती. आज ती चादर काढून त्यांनी तिचाच पडदा केला होता. बाजूला कोणीतरी शिवायला टाकून कधीच न नेलेल्या अस्तराचा तागा पडला होता.

“लांबी?” त्यांनी विचारलं.

“जमिनीपर्यंत.”

“एवढं कापड नाही. वीतभर कमी पडेल.”

“चालेल, बाबा.”

“तुला चालेल.” त्यांनी पायाने मशीन चालू केलं. त्या आवाजाने खोली पुन्हा खोलीसारखी वाटायला लागली, आणि ती तिथेच खाली बसून शिवलेल्या काठांचे दोरे तोडू लागली.

“उद्या त्यांनी विचारलं की मी आईचं नाव सांगणार आहे,” ती म्हणाली. “सरकारी माणसांसमोर एकदा तरी कोणी ते घ्यायला हवं. ही पद्धत तिने बसवली. एवढी वर्षं. पेपरात चार ओळीसुद्धा आल्या नाहीत.”

मशीन थांबलं.

“नाव सांगणार म्हणजे काम दाखवावं लागेल ना आधी?” वडिलांनी चष्म्यावरून पाहिलं. “आणि तू तर तेच झाकायला माझ्याकडून कापड शिवून घेतेयस.”

तिने दोऱ्याचं टोक दाताने तोडलं. वडिलांनी मान खाली घालून पुढची शिवण धरली.

सकाळी मुलं आली ती दारातच थबकली. खोली कुठे गेली, असं एकाने विचारलंसुद्धा. तिने त्यांना हात धरधरून आपापल्या इयत्तेत बसवलं. लंबू, जो चौथीत होता आणि वयाच्या मानाने फारच वाढला होता, त्याला आपण चौथीत आहोत हे आठवावं लागलं. भिंगरीला आपण दुसरीत आहोत हे पटेना.

“पण वाचनात मी चौथीची आहे,” ती म्हणाली. “गणितात पण. फक्त अक्षरात दुसरीची आहे.”

“आज सगळ्यातच दुसरीची हो.”

“आजच का?”

“पाहुणे येणार आहेत. आणि ऐका सगळे, आज कोणीही आपली पाटी पालथी करायची नाही. काही झालं तरी नाही.”

“आणि अडलं तर?”

तिने भिंगरीची रिबीन नीट केली आणि पडद्यापलीकडे गेली.

समितीत तिघं होते. त्यांतले एक गाडीजवळच फोनवर बोलत राहिले. आत आल्या त्या समितीच्या अध्यक्षबाई, उंच, साध्या बुटांतल्या, खांद्याला मोठी पिशवी. आणि त्यांच्यामागे टाय लावलेले एक सभासद, ज्यांनी येताच पत्र्याकडे पाहून काहीतरी लिहून घेतलं. शिक्षण खात्याचे साहेब दोघांच्या मधून चालत होते, हात पुढे करून, जणू जमीन ओली आहे.

चारी पडद्यांआड शाळा चालू होती. म्हणजे आवाज चालू होता. उसने आणलेले दोन शिक्षक एकमेकांवर ताण करत होते. एकाच्या पाढ्यांवर दुसऱ्याच्या कवितेचं पाणी पडत होतं. मुलं आज्ञाधारकपणे समोर बघत होती. तिला एकदम वाटलं, एवढ्या वर्षांत या खोलीत इतका गोंगाट आणि इतकी शांतता एकाच वेळी कधी नव्हती.

“व्यवस्थित आहे सगळं,” टायवाले सभासद म्हणाले. आवाजात थोडी निराशा होती.

अध्यक्षबाई मात्र पहिलीच्या सतरंजीवर खाली बसल्या. एका चिमुरडीची पाटी त्यांनी मागून घेतली, अक्षर पाहायला. चष्मा पिशवीत होता. तो शोधण्यासाठी त्यांनी पाटी बाजूला ठेवली, आणि घाईत, नकळत, पालथी ठेवली.

पडद्याला वीतभर कापड कमी होतं. त्या फटीतून दुसरीच्या मुलांना आधी पाहुण्याबाईंचे बूट दिसले, मग पाटी. तिला ते पडद्याच्या अलीकडूनच कळलं, कारण दुसरीतली कुजबुज अचानक बंद झाली. नको, असं म्हणायला तिने श्वास घेतला तोवर पडद्याखालून एक रिबीन बांधलेलं डोकं बाहेर आलं होतं.

“तुमचं काय अडलंय?” भिंगरीने विचारलं.

अध्यक्षबाईंनी पिशवीतला हात बाहेर काढला. “माझं?”

“पाटी पालथी केलीत ना तुम्ही. सांगा ना. आम्ही हसत नाही कोणाला.”

तिसरीच्या पडद्याखालून आणखी दोघं सरपटत आले. चौथीतल्यांनी एवढे कष्ट घेतले नाहीत, ते पडदा बाजूला करून आले, आणि त्या ओढीने कोपऱ्यातला खिळा सुटला. दोरी सैल पडली आणि आईच्या चादरीसकट चारही खोल्या हळूच जमिनीवर येऊन बसल्या.

“मी सांगितलं होतं,” गुरुजी कोणाला उद्देशून नाही असं म्हणाले. “भिंत ऐकणारी नाही.”

साहेब तिच्याकडे पाहून डोळ्यांनी खुणावत होते : बसवा, बसवा त्यांना जागेवर. एका हाकेचं काम होतं. मुलं लगेच मागे सरली असती. तिने पायाशी पडलेल्या कापडाकडे पाहिलं, ते ओलांडलं आणि अध्यक्षबाईंजवळ येऊन खाली बसली.

“आमच्याकडे पाटी पालथी ठेवली की अडलं असं समजतात,” ती म्हणाली. “अडलं असेल काही तर सांगा. नसेल तर पाटी सुलटी करा, मुलं परत जातील.”

अध्यक्षबाईंनी पाटीकडे हात नेला. मग तो मागे घेतला.

“एक आहे,” त्या म्हणाल्या. “शाळेत असल्यापासून आहे. अपूर्णांकाने भागायचं असलं की तो उलटा करायचा आणि गुणायचं. मार्क मिळवले मी त्यात. पण का उलटा करायचा, ते मला कोणी सांगितलं नाही.”

“मला येतं!” भिंगरी उठलीच होती. तिने भिंगरीच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला आणि लंबूकडे पाहिलं. लंबूने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मी? तिने मान हलवली.

लंबू गुडघे दुमडून समोर बसला. त्याने पडद्याच्या काठाला लोंबणाऱ्या अस्तराच्या तीन पट्ट्या टरकावल्या आणि त्या ओळीने मांडल्या. त्याचे कान लाल झाले होते.

“या तीन पट्ट्या. आता अर्ध्याने भागा.”

“म्हणजे?”

“म्हणजे अर्धे अर्धे तुकडे किती बसतात यात?”

अध्यक्षबाईंनी एक पट्टी दुमडली. “एकीत दोन. तिन्हींत मिळून सहा.”

“मग तिनाला दोनने गुणलंत ना तुम्ही.”

“आणि एक तृतीयांशाने भागलं तर?”

लंबू अडकला. कोणीही मदतीला बोललं नाही. समजावणाऱ्याला मधे तोडायचं नाही असा नियमच होता. त्याने एक पट्टी हातात घेतली, तिची तिहेरी घडी घातली, पुन्हा उलगडली.

“एकीत तीन बसतात. म्हणजे तिप्पट. नऊ.” त्याचा आवाज मोकळा झाला. “उलटं करायचं नसतंच. किती बसतात ते मोजायचं असतं. उलटं आपोआप होतं.”

अध्यक्षबाई त्या घडीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी जोरात, अगदी बाकावरच्या मुलीसारखं हसून घेतलं आणि पाटी सुलटी केली. सबंध खोलीने टाळ्या वाजवल्या. लंबूसाठीच नव्हे, दोघांसाठी. तीही इथली रीतच होती.

“तुला हे कोणी शिकवलं?” त्यांनी लंबूला विचारलं.

लंबूने एका वेणीवाल्या मुलीकडे बोट केलं. वेणीवालीने भिंगरीकडे. भिंगरीने दाराबाहेर हमरस्त्याच्या दिशेने केलं.

“मला एका दादाने. तो आता मोठ्या शाळेत गेला.”

“आणि त्याला?”

“त्याच्या वेळी मी नव्हते ना,” भिंगरी म्हणाली.

आणखी एकच पायरी उरली होती. तिने ओठ उघडले. वाक्य केव्हापासून तयार होतं, फक्त म्हणायचं होतं.

“पण मग एक प्रश्न येतो,” टायवाले सभासद म्हणाले. ते अजून उभेच होते. “मुलंच मुलांना शिकवत असतील, तर शिक्षक हवेत कशाला? कागदावर इथे दोन पदं आहेत. एकात भागेल की. किंबहुना असंच सगळीकडे केलं तर...” त्यांनी वहीत बघत वाक्य सोडून दिलं.

साहेबांनी घाम पुसला. एरवी प्रत्येक गोष्टीवर बोलणारे गुरुजी खाली पडलेली दोरी गुंडाळू लागले, आणि तेच तिला भयंकर वाटलं. ती उठून उभी राहिली. तयार वाक्य तिने बाजूला ठेवलं.

“हा मुलगा यांच्याकडे आपण होऊन आला नाही,” ती म्हणाली. “मी पाठवला.”

“ते पाहिलं मी. बरं?”

“भिंगरीला हे पक्कं येतं. ती घाईने सांगते आणि पुढे पळते. लंबूला ते आत्ता कुठे उमगलंय. या आठवड्यात त्याने कोणाला समजावलं नसतं तर गेलं असतं. यांनी दुसरं उदाहरण विचारलं तेव्हा तो अडला ना? तेव्हा ते पक्कं झालं. आज शिकवायला त्याला मिळायला हवं होतं.” तिचा आवाज बसला होता पण हलत नव्हता. “ती वेणीवाली आहे, तिला आज कोणाकडे पाठवायचं नाही, घरी आजारपण आहे, तिला आज कोणीतरी शिकवायला हवं. हे सगळं दिवसभर बघत राहावं लागतं. एका इयत्तेला एक शिक्षक असला की तो इयत्तेला शिकवतो. आम्हाला एकेक मूल ठाऊक असावं लागतं. निम्मी खोली गुरुजी बघतात, निम्मी मी. आधी तिघं होतो. आता माझी नजर पुरत नाही. तुम्ही एक कमी करायचं म्हणताय. मी एक वाढवून मागतेय.”

“आणि हे पडदे काल लावलेत,” ती म्हणाली. “आजच्यापुरते. मी लावले. हे दोन शिक्षकही आजच्यापुरते आहेत, त्यांची काही चूक नाही.”

“ते कळलंच होतं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “कापडावर शिंप्याच्या खडूची रेघ अजून तशीच आहे.”

टायवाल्यांनी वही मिटली. आपण जरा बसू या का, असं त्यांनी गुरुजींना विचारलं, आणि बसले. टाय शर्टाच्या खिशात खोचून. लगेच कोणीतरी त्यांच्या हातात पाटी दिली. ती पालथी ठेवावी की सुलटी याचा त्यांनी बराच विचार केलेला तिला दिसला. उसन्या शिक्षकांपैकी एकीने हळूच येऊन विचारलं,

“मला आजचा दिवस इथेच थांबता येईल का हो?”

गाडी गेल्यावर गुरुजींनी चादर झटकून तिची नीट घडी केली.

“तू बोललीस, पोरी,” ते म्हणाले. “पण नाव राहिलं.”

“हो. राहिलं.”

“मी घ्यायला हवं होतं.”

“तुम्ही अतिरिक्त होता,” ती म्हणाली. गुरुजींना हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांना डोळे पुसावे लागले, तेव्हा ती पलीकडे जाऊन सतरंज्या गोळा करायला लागली.

फोन आला तो उन्हाळा लागल्यावर, मतदानाच्या दिवशी, भर शाळेत. गुरुजी सकाळपासून स्टुलावर रेडिओ घेऊन बसले होते आणि त्यातून नुसती खरखर येत होती. अध्यक्षबाई थेट सभागृहाच्या व्हरांड्यातूनच बोलत होत्या. मागे पुष्कळ माणसं एकाच वेळी बोलत होती.

“पडलं,” त्या म्हणाल्या.

“काय पडलं?”

“नववं कलम. आमच्या समितीतल्या तिघांनीही विरोधात मत दिलं. तुमचे ते टायवाले तर अर्धा तास बोलले, पट्ट्या घेऊन. त्याच्या जागी नवं कलम आलंय. एका खोलीत एकत्र शिकणाऱ्या शाळा बंद करायच्या नाहीत, शिक्षक कमी करायचे नाहीत, उलट अशा प्रत्येक शाळेला एक जास्तीचा द्यायचा. ऐकताय ना?”

ती ऐकत होती. तिने फोन कानाशी तसाच ठेवून गुरुजींकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा बघून ते स्टुलावरून उठले.

“म्हणजे मी अतिरिक्त नाही?”

“नाही, गुरुजी.”

“मग आता किती?”

“पुरेसे.”

गुरुजींनी रेडिओ बंद केला. मग या गंभीर, तक्रारखोर माणसाने दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली, की रस्त्यापलीकडचा सायकलवाला हातात चाक घेऊन धावत आला. मुलांना कशाबद्दल ते कळलं नव्हतं, तरी ती ओरडायला कमी पडली नाहीत. वरचा पत्रा घुमला. कोणी पाट्यांवर ताल धरला, कोणी सतरंजीवर कोलांटी घेतली, सायकलवाल्याने चाकाची तार छेडून साथ दिली, आणि विचारलं, “झालंय काय पण?”

“शाळा राहिली!” ती ओरडून म्हणाली. इतक्या मोठ्याने ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती.

फोनमध्ये अध्यक्षबाई हसत होत्या.

“आता एक काम करा,” गलका ओसरल्यावर त्या म्हणाल्या. “दुपारी मला सभागृहात शेवटचं बोलायचंय. हे सगळं कोणी सुरू केलं, ते नाव घेऊन बोलायचंय. कामकाजात कायमचं नोंदलं जाईल. त्या दिवशी विचारायचं राहिलं. सांगा, लिहून घेते.”

“ते माझ्या...” ती म्हणाली.

“हं?”

कालच नाव घातलेला एक मुलगा दाराशी बसला होता. एवढ्या धांदलीतही त्याने पाटी पालथी ठेवली होती, आणि तिघं जण त्याच्याभोवती बसून, कोणाची पाळी आहे यावर हळू आवाजात भांडत होते.

“एक मिनिट हं,” ती म्हणाली. “विचारते.”

तिने फोन कानापासून दूर घेतला आणि खोलीकडे वळली.

“ए, ऐका जरा. पाटी पालथी ठेवायचं, हे आपल्याकडे कोणी सुरू केलं?”

“मी!” भिंगरी म्हणाली.

“काहीतरीच! तुला तर मी सांगितलं होतं.” हा लंबू.

“आणि तुला मी!”

“मी!”

“बाई, मी!”

पाहता पाहता निम्मी खोली हात वर करून उभी होती. दाराजवळच्या नव्या मुलाने जरा विचार करून आपलाही हात वर केला.

“मग इतकी वर्षं मी इथे झाडू मारत होतो का?” गुरुजींनी विचारलं.

खिडकीखाली एक मुलगा बसायचा. एका वेळी एकाच शब्दात भागवायचा म्हणून मुलं त्याला मौनी म्हणत. तो सगळ्यांच्या मागून उभा राहिला.

“मोठ्या बाईंना मी शिकवलं,” तो म्हणाला.

वर गेलेले हात तसेच राहिले. भिंगरीने संशयाने त्याच्याकडे पाहिलं.

“मोठ्या बाईंना? काय?”

“सातचा पाढा. त्यांना यायचाच नाही.” तो जमिनीकडे बघत बोलत होता, पण थांबत नव्हता. “पाटी पालथी घेऊन माझ्याजवळ येऊन बसायच्या. मी म्हणून दाखवायचो. दुसऱ्या दिवशी परत विसरायच्या. मग मी परत म्हणायचो. हळू म्हटलं तर त्यांना ऐकू यायचं नाही. मोठ्याने म्हणायला लागायचं.”

गुरुजी फळ्याकडे वळले आणि आधीच कोरा असलेला फळा पुसू लागले.

“मग आला का त्यांना?” भिंगरीने विचारलं.

“आला,” मौनी म्हणाला. “शेवटी शेवटी आला. सगळा.”

फोनमधून बारीक आवाज येत होता. “हॅलो? मला ऐकू आलं. कोण बोलत होतं ते? हॅलो?”

मुलांमधून वाट काढत ती खिडकीपर्यंत गेली आणि तिने फोन मौनीच्या हातात दिला.

“नाव विचारतायत,” ती म्हणाली. “सांग.”

त्याने फोन दोन्ही हातांनी धरला, कानाला लावला, आणि हजेरीला सांगतात तसं, ताठ उभं राहून, मोठ्याने आपलं पूर्ण नाव सांगितलं.